फसलेले रीड ओळखण्याची एक रीत : लिनक्स कर्नलमधील पीसीआय एरर तपासणीचे परीक्षण

लिनक्स कर्नलच्या ५.१७ या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, पीसीआय (संगणकात उपकरणे जोडणारी बस) उपप्रणालीच्या मुख्य हेडर फाइलमध्ये, म्हणजे सामायिक व्याख्यांच्या फाइलमध्ये, तीन छोट्या व्याख्या दाखल झाल्या. पीसीआय_एरर_रिस्पॉन्स ही फसलेल्या रीडची खूण असलेली, सर्व बिट एक अशी एक स्थिर किंमत, ती किंमत एखाद्या व्हेरिएबलमध्ये भरणारा पीसीआय_सेट_एरर_रिस्पॉन्स हा मॅक्रो (सी भाषेतील नाव दिलेला कोडचा तुकडा), आणि वाचून आलेली किंमत तिच्याशी जुळते का हे पाहणारा पीसीआय_पॉसिबल_एरर हा दुसरा मॅक्रो. तिन्ही मिळून मोजक्या ओळींत मावतात, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी स्वतंत्र परीक्षण लिहिण्यासारखे काय आहे असे एखाद्याला वाटू शकेल. पण ज्यांनी डिव्हाइस ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहिले आहेत किंवा दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त केले आहेत, त्यांना हे ठाऊक असते की हार्डवेअरकडून आलेली किंमत खरोखर हार्डवेअरने दिली की मधल्याच कोणी भरली, हा प्रश्न ड्रायव्हरच्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनमध्ये दडलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो : ही सोय प्रत्येक पीसीआय ड्रायव्हरने वापरावी अशी आहे, परंतु तिच्या आजूबाजूची रिटर्न कोडची (फंक्शन यश-अपयश कळवण्यासाठी परत करते त्या क्रमांकाची) व्यवस्था अजूनही विस्कळीत आहे, आणि मेमरी-मॅप्ड रजिस्टरांच्या (मेमरीसारख्या पत्त्यावरून वाचल्या जाणाऱ्या उपकरणातील नोंदजागांच्या) बाबतीत निम्म्याहून अधिक जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्यावरच राहते.

मुळात अडचण काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. प्रोसेसरने एखादे रजिस्टर वाचले की त्याला फक्त एक किंमत मिळते. ‘रीड फसले’ असे सांगणारी वेगळी वाट त्या व्यवहारात नसते. जुन्या पीसीआय बसवर एखाद्या पत्त्याला कोणत्याच उपकरणाने प्रतिसाद दिला नाही, तर ब्रिज तो व्यवहार सोडून देई आणि प्रोसेसरला सर्व बिट एक असलेली किंमत देई. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बस जाऊन पॅकेट आले, तरी ही पद्धत टिकून राहिली : उपकरणाने विनंती नाकारली, लिंक (उपकरणापर्यंतची जोडणी) तुटली, किंवा ठरलेल्या वेळेत उत्तरच आले नाही, तर रूट कॉम्प्लेक्स (प्रोसेसरला पीसीआय एक्स्प्रेसशी जोडणारा भाग) बहुतेक यंत्रणांवर सगळे एक भरून पाठवतो. ड्रायव्हर लिहिणारे यालाच ‘सगळे एफ आले’ असे म्हणतात, कारण सोळामान पद्धतीत चारही बिट एक असलेला अंक एफ असा लिहितात. व्हेंडर आयडीच्या, म्हणजे उत्पादकाच्या ओळखक्रमांकाच्या, रजिस्टरात सगळे एफ ही किंमत कोणत्याही उत्पादकाला दिली जात नाही ती याच कारणाने, म्हणजे त्या जागी सगळे एफ दिसले की तिथे उपकरण नाही असे निःशंक म्हणता येते. इतर रजिस्टरांना मात्र असे संरक्षण नाही. लिनक्समधील रीडएल हे फंक्शन बत्तीस बिटांची किंमत परत करते आणि विंडोजमधील रीड_रजिस्टर_यूलाँग हेही तेच करते. दोहोंपैकी कोणाकडेही ‘हे उत्तर खोटे आहे’ असे सांगायला जागा नाही.

याचा परिणाम किती फसवा असतो हे एनव्हीएमई ड्राइव्हच्या (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या एसएसडीच्या) स्टेटस रजिस्टरावरून नीट समजते. या रजिस्टरातील शून्याव्या बिटाचा अर्थ कंट्रोलर तयार आहे असा आहे, पहिल्या बिटाचा अर्थ कंट्रोलरमध्ये घातक बिघाड आहे असा आहे, आणि दुसरा व तिसरा बिट मिळून शटडाउन कुठवर आले ते सांगतात. आता ड्राइव्ह लिंकवरून गायब झाला आहे आणि ड्रायव्हर हे रजिस्टर वाचतो आहे असे धरा. मिळालेल्या किमतीनुसार कंट्रोलर तयारही आहे, घातक बिघाडातही आहे, आणि त्याच्या शटडाउनची अवस्था दोन्ही बिट एक असलेली, म्हणजे स्पेसिफिकेशनने राखून ठेवलेली आहे. जो कोड केवळ ‘तयार’ हा बिट पाहतो त्याला पहिल्याच फेरीत यश मिळाल्यासारखे वाटते आणि तो अस्तित्वात नसलेल्या उपकरणाला आज्ञा पाठवायला लागतो. उलट, जो कोड एखादा ‘व्यस्त’ बिट शून्य होण्याची वाट पाहतो तो शेवटच्या मर्यादेपर्यंत थांबून राहतो, आणि त्यातले प्रत्येक फसलेले रीडही स्वतःचा वेळ घेते, कारण पीसीआय एक्स्प्रेसमध्ये उत्तराची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ५० मायक्रोसेकंद ते ५० मिलिसेकंद इतकी असते आणि तेवढा काळ ते रीड करणारा प्रोसेसर अडकून पडू शकतो. इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधले की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तर स्थिती आणखी वाईट असते, कारण सगळे एक याचा अर्थ तिथे ‘प्रत्येक प्रकारचा इंटरप्ट प्रलंबित आहे’ असा लागतो, आणि स्टेटस शून्य होईपर्यंत फिरणारा लूप मग कधीच संपत नाही.

लिनक्समधील एनव्हीएमई ड्रायव्हर ही स्थिती ओळखतो. कंट्रोलर तयार होण्याची वाट पाहताना तो आधी किंमत सगळे एक आहे का हे पाहतो आणि तसे असेल तर उपकरण नाही असा एरर देऊन बाहेर पडतो. अपेक्षित बिटाची तपासणी त्यानंतर येते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. यूएसबी कंट्रोलर चालवणाऱ्या एक्सएचसीआय ड्रायव्हरमधील हँडशेकचे, म्हणजे बिट बदलण्याची वाट पाहणारे, फंक्शनही असेच वागते, आणि त्याच्या इंटरप्ट हँडलरमध्ये स्टेटस सगळे एक दिसले की होस्ट कंट्रोलर मृत झाल्याचे जाहीर केले जाते. म्हणजे जाण नव्हती असे नाही. अनुभवी ड्रायव्हरांमध्ये ती पूर्वीपासून होती; पण प्रत्येकाने ती आपापल्या परीने लिहिली होती, आणि या सोयीची खरी गरज तिथेच निर्माण झाली.

५.१७ पूर्वीचा कर्नल चाळला तर एकच तपासणी कितीतरी रूपांत लिहिलेली आढळते. कुठे आठ एफ लिहून तुलना केली आहे, कुठे बत्तीस बिटांच्या कमाल किमतीचे नाव वापरले आहे, कुठे उणे एक, कुठे शून्याचे बिटनिहाय पूरक, तर कुठे किंमत उलटवून ती शून्य होते का हे पाहिले आहे. वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून ही तुलना फसलेल्या रीडसाठी आहे की खरोखर त्या किमतीसाठी आहे हे संदर्भावरून ठरवावे लागे, आणि संपूर्ण कर्नलमध्ये अशा जागा शोधून काढण्यासाठी कोणताही एक शब्द उपयोगी पडत नसे. पण वाचनीयतेपेक्षाही गंभीर प्रश्न सी भाषेतील प्रकाररूपांतराचा आहे, आणि तो जरा सावकाश पाहण्यासारखा आहे.

समजा सोळा बिटांच्या चिन्हरहित व्हेरिएबलमध्ये रजिस्टराची किंमत वाचली आणि तिची तुलना शून्याच्या पूरकाशी केली. वाचताना ही तुलना अगदी बरोबर वाटते. परंतु सी भाषेच्या नियमाने तुलनेपूर्वी सोळा बिटांची किंमत साध्या पूर्णांकात वाढवली जाते आणि ती ६५,५३५ होते; शून्याचे पूरक मात्र उणे एक असते. या दोन संख्या कधीच समान होत नाहीत, म्हणून ही तपासणी कायम खोटी ठरते आणि नेमके उपकरण गेलेले असतानाच ती गप्प बसते. तीच ओळ बत्तीस बिटांच्या व्हेरिएबलवर लिहिली तर बिनचूक चालते, कारण तिथे उणे एकाचेच चिन्हरहित रूप होते. चौसष्ट बिटांवरही ती चालते, पण तिथे कोणी पूरक घेताना बत्तीस बिटांचा चिन्हरहित शून्य वापरला तर वरचे बत्तीस बिट शून्य राहतात आणि तपासणी पुन्हा निकामी होते. म्हणजे एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवलेली, डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी ओळ व्हेरिएबलच्या रुंदीप्रमाणे कधी काम करते आणि कधी करत नाही. पीसीआय_पॉसिबल_एरर हा मॅक्रो तुलनेच्या आधी एरर रिस्पॉन्सची किंमत समोरच्या व्हेरिएबलच्याच प्रकारात बदलून घेतो, त्यामुळे आठ, सोळा, बत्तीस वा चौसष्ट कोणत्याही रुंदीला तो एकसारखा वागतो. केवळ एवढ्या एका कारणासाठीही मी हाताने लिहिलेल्या सर्व तुलना काढून हा मॅक्रो वापरण्याचा आग्रह धरेन.

अर्थात मॅक्रोला व्हेरिएबलचा प्रकार दिसतो, त्या किमतीचा इतिहास दिसत नाही. बत्तीस बिटांचे रीड चौसष्ट बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून मग मॅक्रोला दिले, तर वरचे बिट शून्य असल्याने त्याला काहीच सापडणार नाही. मास्क लावून हवे ते बिट वेगळे केल्यानंतर तपासणी केली, तरी तेच होईल. म्हणून वाचलेली किंमत, ज्या रुंदीने वाचली त्याच रुंदीच्या व्हेरिएबलमध्ये, कोणतीही क्रिया होण्यापूर्वी तपासली पाहिजे. पुनरावलोकनासाठी आलेल्या पॅचमध्ये (कोडमधील प्रस्तावित बदलात) मी सर्वप्रथम हेच पाहतो, आणि सोय चांगली असूनही ती चुकीच्या ओळीवर वापरलेली अनेकदा आढळते.

या बदलाचा दुसरा भाग व्याख्यांइतका ठळकपणे दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. कॉन्फिगरेशन रजिस्टर (उपकरणाची ओळख व मांडणी ज्यात असते ते) वाचताना होस्ट कंट्रोलरच्या (पीसीआय बस चालवणाऱ्या हार्डवेअरच्या) ड्रायव्हरला काही अडचण आली, तर पूर्वी सगळे एक ही किंमत भरण्याचे काम त्या त्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर सोपवलेले असे. कोणी ते इमाने करी, कोणाकडून ते राहून जाई, आणि वर बसलेल्या उपकरणाच्या ड्रायव्हरला आपण कोणत्या कंट्रोलरखाली चाललो आहोत यावर आपल्या हाती काय पडेल हे अवलंबून असे. आता पीसीआयचा गाभाच, म्हणजे कर्नलमधील सर्वांना सामायिक असा पीसीआयचा कोड, हे काम करतो : कंट्रोलरच्या रीड फंक्शनने अपयश कळवले की गाभा स्वतः एरर रिस्पॉन्स भरतो, आणि कंट्रोलरांच्या ड्रायव्हरांमधील अनावश्यक झालेला कोड काढून टाकण्यात आला. सातत्य आणायचे तर ते एका जागी आणले पाहिजे, सर्वांना सूचना देऊन ते येत नाही. येथे ते एका जागी आणले गेले आहे आणि म्हणून ते टिकेल असा विश्वास वाटतो.

आता उणिवांकडे वळतो, आणि पहिली उणीव रिटर्न कोडची आहे. कॉन्फिगरेशन रजिस्टर वाचणारी लिनक्समधील फंक्शने यशस्वी झाल्यास शून्य देतात. अपयश आल्यास मात्र कर्नलमध्ये सर्वत्र रूढ असलेला ऋण एरर क्रमांक न देता जुन्या पीसीआय बायोसच्या काळातील धन क्रमांक देतात. उपकरण न सापडल्याचा क्रमांक दशमान पद्धतीत १३४ आहे. कर्नलमधील बाकी सर्व ठिकाणच्या सवयीने ‘रिटर्न कोड शून्यापेक्षा लहान आहे का’ असे विचारणाऱ्या कोडला हे अपयश कधीच दिसत नाही. त्याहूनही वाईट म्हणजे ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनने (उपकरण सापडल्यावर ते ताब्यात घेण्यासाठी चालणाऱ्या फंक्शनने) हाच क्रमांक जसाच्या तसा परत केला, तर पीसीआयचा गाभा धन किमतीबद्दल लॉगमध्ये एक इशारा छापतो आणि प्रोब यशस्वी झाले असे धरून पुढे जातो. रूपांतरासाठी पीसीआयबायोस_एरर_टू_एररनो हे फंक्शन उपलब्ध आहे, पण ते आठवणीने बोलवावे लागते, आणि जी सुरक्षितता आठवणीवर अवलंबून आहे तिला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही.

शिवाय रिटर्न कोड शून्य आला म्हणजे उपकरणाने उत्तर दिले असेही नव्हे. एक्स८६ यंत्रणांवर कॉन्फिगरेशन रीड प्रत्यक्षात आय/ओ पोर्टवरील किंवा मेमरीच्या पत्त्यावरील साधे रीड म्हणूनच होते. समोर कोणी नसेल तर सगळे एक येतात आणि फंक्शन यशाचा कोड परत करते, कारण त्याच्या बाजूने काहीच चुकलेले नसते. रिटर्न कोडातून मुख्यतः सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असलेली अडचण कळते, म्हणजे चुकीचा ऑफसेट (रजिस्टराचे सुरुवातीपासूनचे अंतर) किंवा काढून टाकलेले म्हणून नोंदले गेलेले उपकरण. तारेवर काय घडले ते वाचलेल्या किमतीतूनच ओळखावे लागते. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

दुसरी उणीव अधिक खटकते. पीसीआय एक्स्प्रेसच्या कॅपॅबिलिटी रजिस्टरांसाठी (उपकरणाच्या क्षमता व लिंकची स्थिती सांगणाऱ्या कॉन्फिगरेशन रजिस्टरांसाठी) कर्नलमध्ये वेगळी सोयीची फंक्शने आहेत, आणि त्यांत आतले रीड अपयशी ठरल्याचा कोड मिळाला तर ती फंक्शने बाहेर शून्य ही किंमत देतात. म्हणजे साध्या कॉन्फिगरेशन रीडमध्ये अपयशाची खूण सगळे एक आणि तिच्याच शेजारच्या फंक्शनमध्ये सगळे शून्य. त्यात पुन्हा, वर सांगितल्याप्रमाणे अपयश कोडाविना आले, तर हीच कॅपॅबिलिटी फंक्शने सगळे एक देतात. लिंक स्टेटसचे रजिस्टर वाचणाऱ्या ड्रायव्हरला त्यामुळे गेलेल्या उपकरणाची तीन रूपे भेटू शकतात : अपयशाचा कोड आणि त्यासोबत ‘लिंक चालू नाही’ असे सांगणारे शून्य, तो कोड न पाहिल्यास नुसते शून्य, जे अगदी खऱ्या उत्तरासारखे दिसते, आणि यशाचा कोड व त्यासोबत ‘लिंक चालू आहे’ असे सांगणारे सगळे एक. शून्य देण्यामागे जुन्या वापरकर्त्यांची गैरसोय टाळण्याचा हेतू आहे हे मान्य केले, तरी जी सोय सातत्यासाठी आणली तिला या एका जागी तडा गेला आहे. हॉटप्लगचा (यंत्र चालू असताना उपकरण जोडण्या-काढण्याचा) ड्रायव्हर स्लॉट स्टेटस वाचल्यावर पॉसिबल-एरर मॅक्रो वापरतो आणि उपकरणाकडून प्रतिसाद नसल्याची नोंद करतो, ते योग्यच आहे. पण हे बारकावे माहीत नसलेल्या नवीन लेखकाने ते कोठून शिकावे, हा प्रश्न उरतो.

तिसरी गोष्ट उणीव नसून मर्यादा आहे. सगळे एक ही किंमत काही रजिस्टरांत पूर्णपणे खरी असू शकते. इंटरप्ट मास्कचे रजिस्टर सर्व बिट लावून ठेवलेले असू शकते, एखादा गणक नेमका कमाल किमतीवर असू शकतो, फ्लॅश मेमरीतील कोरी जागा तर नेहमी तशीच वाचली जाते. मॅक्रो केवळ शंका उपस्थित करतो. निकाल ड्रायव्हरने द्यायचा असतो, आणि त्यासाठी दुसरे रीड लागते. इगबी या इथरनेट ड्रायव्हरमधील वाचनाचे फंक्शन याचा उत्तम नमुना आहे. कोणत्याही रजिस्टराची किंमत सगळे एक आली, तर ते लगेच शून्य ऑफसेटवरील रजिस्टर वाचून पाहते, जिथे अशी किंमत कधीच येऊ नये; तीही सगळे एक आली तरच पीसीआय एक्स्प्रेस लिंक गेल्याचे नोंदवून ते नेटवर्क उपकरण वेगळे करते. निरोगी उपकरणाच्या नेहमीच्या मार्गावर एक तुलना सोडून कोणताही खर्च नाही, आणि शंका आली तर एका जादा रीडची किंमत मोजावी लागते. आयएक्सजीबीई या दुसऱ्या इथरनेट ड्रायव्हरमध्ये स्टेटस रजिस्टर वाचून अशीच खातरजमा केली जाते. काही उपकरणे खोट्या उत्तरासाठी सगळे एक न देता स्वतःची वेगळी ठरावीक किंमतही देऊ शकतात. अशा उपकरणविशिष्ट खुणा सामायिक मॅक्रोला ओळखता येणे शक्य नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही धरू नये.

दुसरे रीड कोठून करायचे हेही विचारपूर्वक ठरवावे लागते. अनेकजण व्हेंडर आयडी वाचून उपकरण आहे की नाही ते ठरवतात, आणि त्यासाठी कर्नलमध्ये पीसीआय_डिव्हाइस_इज_प्रेझेंट हे फंक्शनही आहे. पण उपकरण डी३-हॉट या निद्रावस्थेत असेल, तर त्याची कॉन्फिगरेशन रजिस्टरे उत्तर देतात आणि मेमरी-मॅप्ड रजिस्टरे देत नाहीत. व्हेंडर आयडी नीट आला, उपकरण जागेवर आहे, तरीही ड्रायव्हरच्या हाती आलेली किंमत खोटीच आहे, अशी ही स्थिती असते. तिचा उगम बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या स्वतःच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये असतो आणि तिथे उपकरण गेल्याचे जाहीर करणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. रीसेटनंतर लगेच व्हेंडर आयडी वाचल्यास आणखी एक वेगळी किंमत दिसू शकते : काही रूट पोर्ट उपकरण अजून तयार नाही हे कळवण्यासाठी त्या जागी एक हा आकडा देतात, आणि कर्नलचा गाभा अशा वेळी उपकरण सावरण्याची ६० सेकंदांपर्यंत वाट पाहतो. हे काम गाभ्यावर सोपवावे. ड्रायव्हरने स्वतःचा लूप लिहू नये.

या सर्व गोष्टी प्रत्यक्ष करून पाहणे अवघड नाही, आणि सोयीचे मोल जाणून घ्यायचे असेल तर ते करावेच. चाचणीसाठी राखलेल्या यंत्रावर सेटपीसीआय या साधनाने उपकरणाच्या कमांड रजिस्टरातील मेमरी स्पेसचा बिट बंद केला, की मेमरी-मॅप्ड रीड सगळे एक देऊ लागतात आणि कॉन्फिगरेशन रीड मात्र शाबूत राहतात. वरच्या पोर्टाच्या लिंक कंट्रोलमधील लिंक बंद करणारा बिट लावला, की दोन्ही जातात. पहिल्या प्रयोगात ड्रायव्हर गोंधळतो का आणि दुसऱ्यात तो किती वेळात हार मान्य करतो, हे पाहिल्याशिवाय मी कोणत्याही ड्रायव्हरच्या एरर हाताळणीवर विश्वास ठेवत नाही. काही सर्व्हर यंत्रांवर नाकारलेली विनंती थेट गंभीर हार्डवेअर एरर म्हणून वर पाठवली जाते आणि संपूर्ण यंत्रणा थांबू शकते, म्हणून कामाच्या यंत्रावर हा प्रयोग मुळीच करू नये.

सगळे एक मिळणे हीसुद्धा सार्वत्रिक हमी नाही. काही आर्म चिपांवर फसलेले रीड किंमत देत नाही, तर प्रोसेसरमध्ये ॲबॉर्ट निर्माण करते आणि त्या क्षणी कर्नल कोसळू शकतो. आय.एमएक्स६ या चिपच्या पीसीआय ड्रायव्हरने यावर उपाय म्हणून ॲबॉर्टचा हँडलर बसवला आहे. ज्या सूचनेमुळे ॲबॉर्ट आला ती रीडची असेल, तर तो हँडलर तिच्या रजिस्टरात सगळे एक भरतो आणि जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढची सूचना चालू करतो. म्हणजे हार्डवेअरने न पाळलेला संकेत सॉफ्टवेअरने पाळून दाखवला. दुसऱ्या टोकाला पॉवरपीसी प्रोसेसरांवरील ईईएच ही पीसीआय एरर ओळखून सावरणारी यंत्रणा आहे, आणि या साऱ्या विषयात मला तिचे सर्वाधिक कौतुक वाटते. तिथे सामान्य रीडएलमध्येच सगळे एक आले का ही तपासणी बसवलेली आहे. तसे आले तर स्लॉट गोठवला गेला आहे का, म्हणजे त्याचे व्यवहार थांबवले गेले आहेत का, हे फर्मवेअरला विचारले जाते आणि गोठवला असल्यास सावरण्याची प्रक्रिया सुरू होते. एखादा ड्रायव्हर तरीही वाचतच राहिला, तर अशी २१ लाख रीड्स दुर्लक्षित झाल्यावर त्याच्याबद्दल तक्रार छापली जाते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काहीही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, ही खरी सोय. अशी व्यवस्था सर्व प्रोसेसरांवर का नाही याचे उत्तर सरळ आहे : त्यासाठी गोठवू शकणारे हार्डवेअर आणि विचारता येईल असे फर्मवेअर दोन्ही लागतात.

इतर बसांशी तुलना थोडक्यात करतो. आय-स्क्वेअर-सी बसवर पत्त्याला होकार न मिळाल्यास ऋण एरर क्रमांक मिळतो आणि शून्य ते २५५ ही खरी किमतींची कक्षा वेगळी राहते, त्यामुळे तिथे हा गोंधळच उद्भवत नाही. एसपीआयमध्ये होकाराची संकल्पनाच नाही, म्हणून तुटलेली तार सगळे एक किंवा सगळे शून्य देते आणि ओळखीचे रजिस्टर वाचून पाहण्याखेरीज उपाय राहत नाही. पीसीआय या दोहोंच्या मध्ये आहे.

नोंदीच्या बाबतीत पुन्हा एनव्हीएमई ड्रायव्हरचे नाव घ्यावे लागते. कंट्रोलर बंद पडल्याचे कळवताना तो स्टेटस रजिस्टराची किंमत आणि पीसीआय स्टेटसची किंमत या दोन्ही छापतो, आणि पीसीआय स्टेटस वाचता आले नाही तर तेही रिटर्न कोडासह सांगतो. स्टेटस सगळे एक असेल, तर उपकरणाच्या वीजबचतीच्या अवस्थेत दोष असू शकतो असे सुचवून कर्नलचे कोणते पॅरामीटर वापरून पाहावेत हेही लिहितो. ज्याच्या हातात फक्त लॉग आहे अशा माणसाला एवढ्यावरून कंट्रोलर स्वतः बिघडला की लिंकच गेली हे पुष्कळ अंशी ठरवता येते. ‘टाइमआउट झाला’ एवढेच छापणाऱ्या ड्रायव्हरांनी हा नमुना उचलावा.

आता वापर कसा करावा याविषयी. ड्रायव्हरमध्ये रजिस्टर वाचण्यासाठी स्वतःचे एकच फंक्शन असावे आणि शंकेची तपासणी, दुसरे रीड व उपकरण गेल्याची नोंद ही तिन्ही कामे त्याच्यात असावीत. प्रत्येक वापराच्या जागी मॅक्रो पेरत बसू नये. रीड करण्यापूर्वी उपकरण जोडलेले आहे का हे विचारणे फारसे उपयोगाचे नाही, कारण विचारणे आणि वाचणे यांच्या मधल्या क्षणात ते जाऊ शकते. तपासायची ती हाती आलेली किंमत. एकदा उपकरण गेल्याचे निश्चित झाले की पुढची रीड्स थांबवावीत आणि सावरण्याचे काम एरर_डिटेक्टेड, स्लॉट_रीसेट व रिझ्यूम या कॉलबॅकांकडे (वेळ येताच कर्नल बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनांकडे) सोपवावे.

ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक उणीव भासते ती म्हणजे बिटाची वाट पाहणाऱ्या सामायिक मॅक्रोंमध्ये ही तपासणी नसणे. रीडएल_पोल_टाइमआउट हा मॅक्रो दिलेली अट खरी होईपर्यंत वाचत राहतो, आणि अट एखादा बिट एक होण्याची असेल तर सगळे एक ही किंमत ती अट पहिल्याच फेरीत पूर्ण करते. आज यावर उपाय इतकाच आहे की अटीत ‘किंवा किंमत एरर रिस्पॉन्स आहे’ असे जोडावे, म्हणजे वाट पाहणे दोन्ही स्थितींत संपते, आणि मॅक्रोने यश कळवल्यावर किंमत पुन्हा तपासून उपकरण नाही असा एरर द्यावा. कर्नलच्या मूळ शाखेबाहेर ठेवलेल्या आणि जुन्या आवृत्त्यांवरही चालवायच्या ड्रायव्हरांनी पॉसिबल-एरर मॅक्रो आधीच उपलब्ध आहे का हे पाहून, नसल्यास तो त्याच नावाने व त्याच प्रकाररूपांतरासह आपल्या हेडरमध्ये लिहून घ्यावा. त्यासाठी कर्नलची आवृत्ती तपासण्यापेक्षा व्याख्या आहे की नाही हे तपासणे सुरक्षित आहे.